जुन्या फोर्ड ट्रकचे काटे आणि हीटरची मोटर: आधी अर्थिंग, मग पाना

डेट्रॉइटच्या आसपास जानेवारीत उणे पंधरा अंश ही काही बातमी नसते. अशाच एका सकाळी माझ्या १९७० च्या फोर्ड एफ-१०० ची किल्ली फिरवली. हीटरच्या पेटीतून चिर्रर्र असा आवाज आला, काचेवरचा बर्फ जसाच्या तसा राहिला, आणि पेट्रोलचा काटा आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा असे दोघेही पार उजवीकडे जाऊन टेकले. टाकी अर्धी होती आणि इंजिन दगडासारखं गार. मी काय केलं? पेट्रोलचं नवं गेज मागवलं. ते बसवलं, तर तेही तसंच उजवीकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. दोष निघाला एका गंजलेल्या स्क्रूत, ज्यातून डॅशबोर्डच्या मागच्या एका छोट्या डबीला अर्थिंग, म्हणजे ट्रकच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायचा विजेचा मार्ग, मिळतं.

ज्यांनी नुकताच असा जुना ट्रक घेतला आहे आणि ज्यांच्या हातात आजवर मल्टिमीटर फारसा आलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळे आकडे १९६७ ते १९७२ या काळातल्या फोर्ड एफ-१०० आणि तिच्या मोठ्या भावंडांचे. तुमचा ट्रक १९५६ पूर्वीचा फोर्ड असेल तर त्यात सहा व्होल्टची बॅटरी आणि पॉझिटिव्ह अर्थिंग असतं. तिथे हे आकडे लावू नका. शेवरले किंवा जीएमसी असेल तर पेट्रोलच्या काट्याचं गणित बरोबर उलटं: तिथे टाकी रिकामी म्हणजे रेझिस्टन्स शून्य, आणि वायर तुटली की काटा "फुल" दाखवतो. फोर्डमध्ये वायर तुटली की काटा खाली पडतो. एवढा एक फरक ध्यानात न घेता दुसऱ्याच ट्रकसाठीचा सल्ला वाचून लोक आठवडेच्या आठवडे घालवतात.

आणखी एक, जरा गंभीर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी ट्रकांच्या आणि जीपच्या काही गेजवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. चमक आज गेलेली असली तरी किरणोत्सर्ग गेलेला नसतो. जुन्या विलीज जीप जपणारी मंडळी आपल्याकडेही बरीच आहेत, म्हणून सांगतो: असं गेज उघडू नका आणि घासू नका.

काय जवळ असावं

साधा मल्टिमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली दोन-तीन मीटर वायर, आणि दोन रेझिस्टर: एक १० ओहमचा, एक ७५ ओहमचा, दोन्ही दोन वॉटचे. अर्ध्या वॉटचा घेतलात तर चाचणी चालू असतानाच बोटं भाजतील. शिवाय चारशे नंबरचा पॉलिश पेपर, शाळेतलं खोडरबर, मऊ ब्रश, चिकटपट्टी आणि पेन. ही शेवटची दोन सर्वांत महत्त्वाची. सोडवलेल्या प्रत्येक वायरला चिठ्ठी, आणि पाना लावण्याआधी मोबाइलवर फोटो. "लक्षात राहील" म्हणून सोडून दिलेलं मला तरी आजवर कधी लक्षात राहिलेलं नाही.

काटा हलतो कसा

हे समजलं की अर्धं काम झालं. या ट्रकमध्ये काट्याच्या मागे लोहचुंबक नसतो. दोन धातूंची एक पातळ पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. म्हणून हे काटे आळशी असतात. किल्ली फिरवल्यावर जागेवर यायला अर्धा-एक मिनिट घेतात. त्या वेळात "चालत नाही" असा निकाल देऊ नका.

टाकीतल्या सेंडरचा, म्हणजे पातळी मोजून गेजला कळवणाऱ्या भागाचा, रेझिस्टन्स टाकी रिकामी असताना सुमारे ७३ ओहम आणि भरलेली असताना सुमारे १० ओहम असतो. रेझिस्टन्स कमी, म्हणजे करंट जास्त, पट्टी जास्त गरम, काटा वर. तापमानाचा सेंडरही त्याच हिशोबाने चालतो: इंजिन गार तर रेझिस्टन्स जास्त, गरम तर कमी.

आता ती डबी. बॅटरीचा दाब कधी बारा, कधी चौदा व्होल्ट. त्याप्रमाणे काटे नाचू नयेत म्हणून गेजच्या अलीकडे एक व्होल्टेज रेग्युलेटर बसवलेला असतो. आगपेटीहून लहान. त्यातही तापणारी पट्टी आणि एक कॉन्टॅक्ट पॉइंट असतो. तो सतत उघडझाप करून सरासरी पाच व्होल्ट पुढे पाठवतो. पण ती पट्टी तापायला डबीच्या पत्र्यातून अर्थिंग मिळावं लागतं. ते तुटलं की पट्टी तापत नाही, पॉइंट उघडत नाही, आणि पूर्ण बारा व्होल्ट गेजमध्ये शिरतात. माझे दोन्ही काटे उजवीकडे टेकले ते यामुळेच. असं बराच वेळ चाललं तर गेजमधली तार जळते, आणि मग खरंच नवं गेज आणावं लागतं.

यातून एक सोपा नियम निघतो. सगळे काटे एकदम बिघडले तर दोष या डबीत, तिच्या अर्थिंगमध्ये किंवा तिला येणाऱ्या वायरीत. एकच काटा बिघडला तर दोष त्याच्या सेंडरमध्ये, त्याच्या वायरीत किंवा त्या गेजमध्ये, आणि शोधायचंही याच क्रमाने. गेज सर्वांत शेवटी.

अँपियरचा काटा असेल तर तो या हिशोबात धरू नका. त्याचा मार्ग वेगळा, आणि ठणठणीत असतानाही तो जेमतेम केसभर हलतो. त्याच्यावर वेळ घालवण्यापेक्षा बॅटरीला मीटर लावा: इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले की चार्जिंग ठीक.

तपासणी, इंजिनाच्या बाजूने सुरुवात करून

या ट्रकची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. तेव्हा पहिल्या दिवशी शिकाऊ हातांनी टाकीपाशी वायरी जोडायच्या नाहीत. तापमानाचा सेंडर इंजिनावर, मोकळ्या हवेत असतो. सराव तिथे करा.

पहिली पायरी. बॅटरीची टोकं आणि बॅटरीपासून इंजिनाला व बॉडीला जाणारे अर्थिंगचे पट्टे सोडवून, घासून, घट्ट बसवा. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पन्नास वर्षांच्या ट्रकमध्ये एवढ्यानेच दिवे उजळतात आणि निम्म्या तक्रारी मिटतात.

दुसरी पायरी. किल्ली चालू करा, इंजिन बंदच राहू द्या. चिमट्याची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि दुसरं टोक डॅशबोर्डखालून हात घालून त्या डबीच्या पत्र्याला टेकवा. उजवीकडे अडकलेले काटे हळूहळू खाली येऊ लागले तर दोष सापडला. स्क्रू काढा, त्याखालची जागा चकचकीत घासा, परत बसवा. मी वर एक जादा वायर थेट बॉडीपर्यंत ओढली आहे. दिसत नाही आणि त्रास देत नाही.

तिसरी पायरी. तापमानाच्या सेंडरची वायर काढा. काटा "सी"च्याही (गारच्या खुणेच्या) खाली पडायला हवा. मग त्या वायरीला १० ओहमचा रेझिस्टर जोडून त्याचं दुसरं टोक इंजिनाच्या मोकळ्या धातूला लावा. मिनिटभरात काटा गरमच्या टोकाशी जायला हवा. ७५ ओहमचा लावला की परत गारच्या खुणेजवळ. दोन्ही जमलं तर डबी, वायर, गेज तिघंही निर्दोष, आणि गुन्हेगार सेंडर. वायर थेट अर्थ करून बघा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. डबी आधीच बिघडलेली असेल तर त्या एका प्रयोगात गेज जातं. रेझिस्टर लावा.

सेंडर बदलताना त्याच्या आट्यांवर नळावर गुंडाळतो तशी पांढरी टेप भरभरून गुंडाळू नका. सेंडरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. आणि सेंडर काढाल तेव्हा इंजिन पूर्ण गार असू द्या.

चौथी पायरी, डबीची. तिच्या बाहेरच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावला तर तो लुकलुकायला हवा. डिजिटल मीटरवर आकडा वेड्यासारखा उड्या मारेल. ते बिघाडाचं लक्षण नाही, ती तशीच चालते. दिवा सतत जळत राहिला आणि अर्थिंग चांगलं आहे, तर पॉइंट चिकटलेत. अजिबात पेटला नाही, तर डबीला येणारी वायर आणि फ्यूज बघा. जुनी डबी उघडून पॉइंट घासणारे कारागीर आहेत, पण मी त्या वाटेला जात नाही. स्थिर पाच व्होल्ट देणारी इलेक्ट्रॉनिक डबी त्याच जागी बसते, तीच लावतो.

टाकीचा सेंडर काढायची वेळ आली तर दारं उघडी, बॅटरी सोडलेली, आसपास ठिणगी नाही, हीटर नाही, आणि टाकी शक्य तितकी रिकामी. अडकवणारी चक्री फिरवायला स्टीलची छिन्नी नको. पितळेचा किंवा लाकडाचा तुकडा घ्या. सेंडर हातात आला की फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ गोळा) कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटका आहे, म्हणून काटा कायम कमी दाखवत होता. पितळी फ्लोटला डाग देऊन घ्यायचा मोह होईल. आत पेट्रोलची वाफ असते, तेव्हा तो मोह आवरा. नवा फ्लोट स्वस्तात मिळतो. मग दांडा हळूहळू वर-खाली करत मीटर बघा. ७३ ते १० असा आकडा सरकत यायला हवा. मध्येच तुटला तर आतली तार झिजली.

डॅशबोर्डचं खोकं बाहेर काढलं तर

वरच्या तपासणीत गेज दोषी ठरलं तरच इथे या. बॅटरी सोडा, स्पीडोमीटरची केबल मागून काढा, वायरींचा जोड सरळ ओढून काढा. मागे तांब्याच्या रेषा छापलेला लवचिक प्लास्टिकचा पडदा दिसेल. सगळी वीज त्यातूनच फिरते. त्याला ओढू नका, दुमडू नका. जोडाजवळचे काळवंडलेले तांबे खोडरबराने हलक्या हाताने घासलं की लखलखतं. पॉलिश पेपर तिथे नको, तांब्याचा थर फार पातळ असतो.

गेजच्या दोन खिळ्यांमध्ये मीटर लावा. साधारण १० ते १४ ओहम हवेत. मीटरने काहीच दाखवलं नाही तर तार जळलेली, आणि ती घरी दुरुस्त होत नाही. रेझिस्टन्स ठीक असून काटा थोडा चुकत असेल, तर मागच्या बाजूला दोन बारीक दातेरी खाचा असतात: एक रिकाम्या टोकासाठी, दुसरी भरलेल्या टोकासाठी. रेझिस्टर लावून, मिनिटभर थांबून, केसभर सरकवून, पुन्हा थांबून. चहाचा कप शेजारी ठेवूनच करायचं काम आहे हे.

काट्याच्या बिजागरीला तेल लावू नका. डायलवर स्पिरिट किंवा काच पुसायचं द्रव अजिबात नको. पांढरे आकडे कापडावर उतरतात आणि मग पश्चात्तापाला जागा उरत नाही. मऊ ब्रशने धूळ उडवा, बस. प्रकाशासाठीचे बल्ब एलईडी केले तर चालतं. पण ज्या ट्रकमध्ये अँपियरच्या काट्याऐवजी चार्जिंगचा लाल दिवा आहे, तिथला बल्ब मूळ प्रकारचाच ठेवा. अल्टरनेटरला जागं करणारा करंट त्या दिव्याच्या मार्गाने जातो.

हीटर: आधी उंदीर

हसू नका. अमेरिकेत कुठल्यातरी कोठारात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रकची हीटरची पेटी म्हणजे उंदरांचं बाळंतघर. इथल्या डिअर माउस या उंदरांच्या लेंड्यांमधून हंताव्हायरस पसरू शकतो. पेटी उघडताच झाडू किंवा व्हॅक्यूम चालवू नका. हातमोजे, मास्क, आधी ब्लीचच्या पाण्याने सगळं भिजवा, थोडा वेळ थांबा, मग ओलं ओलंच उचलून पिशवीत.

पेटी सोडवताना गरम पाण्याचे दोन पाइप निघतात. खाली भांडं ठेवा. कूलंट गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्याने मरतात. जुना पाइप नळीवरून ओढू नका. आतली नळी मऊ असते, वाकली की हीटरचा रेडिएटर गेला. पाइप उभा चिरा आणि नवा टाका.

पण पेटी काढण्याआधी थोडी पारख करा. पंखा फक्त सर्वांत जोराच्या वेगावर चालतो, कमी वेगांवर नाही? मग मोटर चांगली आहे. पंख्याचा वेग कमी करणाऱ्या रेझिस्टरची तार जळली आहे. तो हवेच्या झोतात बसवलेला असतो, म्हणून बाहेर काढून टेबलावर फार वेळ चालवू नका, लालभडक होतो. कुठल्याच वेगावर चालत नाही? मोटरच्या वायरीवर टेस्ट लॅम्प लावा. दिवा पेटला तर मोटर किंवा तिचं अर्थिंग. चिर्रर्र आवाज, हळू सुरू होणं, सारखा फ्यूज उडणं ही कोरड्या बुशची (मोटरचा दांडा ज्यांत फिरतो त्या कड्यांची) लक्षणं. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणाऱ्याला माझ्या गॅरेजमध्ये प्रवेश नाही.

मोटर टेबलावर आली की उघडण्याआधी तिला दहा अँपियरचा फ्यूज लावून बॅटरीवर चालवा आणि किती अँपियर ओढते ते लिहून ठेवा. नंतर हाच आकडा पुन्हा बघायचा आहे.

मग दोन्ही झाकणांवर आणि मधल्या नळकांड्यावर खिळ्याने एक सरळ ओरखडा काढा, म्हणजे परत त्याच जागी बसतील. लांब स्क्रू काढा. आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) बाहेर ओढताना दांड्यावरचे बारीक वायसर कुठल्या बाजूला किती होते ते टिपा. काही मोटरमध्ये तारेची गुंडाळी असते, काहींत लोहचुंबक. चुंबकाची असेल तर हातोडी दूर ठेवा, तो चिनीमातीसारखा फुटतो. आणि आर्मेचर परत घालताना चुंबक तो झटक्याने खेचून घेतो, बोटं सांभाळा.

आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, तो कम्युटेटर. काळा पडलेला असणारच. बारीक पॉलिश पेपरची पट्टी त्याभोवती धरून आर्मेचर फिरवा. लोखंड घासायचा काळा एमरी कापड नको. त्याचे कण पट्ट्यांमध्ये रुतून शॉर्ट करतात. मग टूथपिकने प्रत्येक फटीतली कार्बनची पूड काढा. फटीतला अभ्रक तांब्याच्या किंचित खाली असायला हवा; बरोबरीला आला असेल तर जुन्या हॅकसॉ पात्याच्या पातळ केलेल्या टोकाने खरवडा. आता मीटर: शेजारच्या प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये जवळजवळ सारखाच, अगदी कमी रेझिस्टन्स हवा, आणि कुठल्याही पट्टीतून दांड्यापर्यंत काहीच जाता कामा नये. इथे नापास झाली तर आर्मेचर गेला. सांगली-कोल्हापूरकडे असता तर कोपऱ्यावरच्या वाइंडिंगवाल्याने दोन दिवसांत भरून दिला असता. इथे ते काम करणारा शोधावा लागतो आणि तो नव्या मोटरपेक्षा जास्त पैसे मागतो.

कार्बन, म्हणजे कम्युटेटरवर टेकून त्याला वीज देणारे ठोकळे, निम्म्याहून जास्त झिजले असतील तर बदला. इथे एक चूक हमखास होते: मिक्सरचे किंवा ड्रिलचे कार्बन घासून बसवणं. ते मापात बसतात, पण ते जास्त व्होल्टसाठीचे असतात. बारा व्होल्टच्या मोटरच्या कार्बनमध्ये तांब्याची पूड मिसळलेली असते, उजेडात किंचित लालसर दिसते. तसेच घ्या.

बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात, तेल त्यांच्या अंगातच मुरलेलं असतं. पन्नास वर्षांत ते वाळून डिंकासारखं होतं. रॉकेलने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग बुशचं एक तोंड अंगठ्याने बंद करा, आत वीस नंबरचं मोटरचं तेल काठोकाठ भरा, दुसऱ्या तोंडावर दुसरा अंगठा ठेवून जोरात दाबा. बाहेरच्या अंगाला घामासारखे तेलाचे थेंब फुटले की बुश पुन्हा जिवंत झाला. झाकणातून सुटत नसेल तर झाकणासकट कोमट तेलात रात्रभर ठेवा. शेजारी नमद्याची चकती असेल तर तीही तेलात भिजवा. गंज सोडवायचा स्प्रे मारून काम भागवू नका. तो उरलंसुरलं तेल धुऊन टाकतो आणि महिन्याभरात तो चिर्रर्र आवाज परत येतो.

जोडल्यावर दांडा बोटाने फिरवा. अडखळला तर झाकणांवर लाकडी दांड्याने हलके ठोके द्या, बुश आपोआप सरळ रेषेत येतात. पुन्हा बॅटरीवर चालवा; अँपियर आधीपेक्षा कमी दिसायला हवेत.

पंखा बसवून हवा येते, पण दम नाही? बहुधा उलटा फिरतोय. चुंबकाच्या मोटरला वायरी उलट लागल्या तर ती उलट फिरते, आणि हा पिंपासारखा पंखा उलट फिरूनही थोडी हवा देतोच, म्हणून लवकर कळत नाही. मोटर काढण्याआधीच फिरण्याची दिशा झाकणावर बाणाने लिहून ठेवा.

ट्रकमध्ये बसवल्यावर शेवटची चाचणी. पंखा पूर्ण वेगावर, मीटरचं एक टोक मोटरच्या अर्थिंगला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग अजून कच्चं आहे. मग पॉझिटिव्हच्या बाजूने तसंच. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्या, त्यावर गेलं तर स्विचमागचा जोड बघा. प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसेल. पेटी परत लावताना कडेचा कुजलेला फोम बदला, नाहीतर गरम हवा पायावर न येता पेटीबाहेरच निसटते. कूलंट भरून, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापू द्या, पातळी खाली गेली की पुन्हा भरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गालिच्याखाली हात घालून ओल लागते का बघा.